उन्हाळ्याचं भोक

मावशी सँडल घालायला बसली की अमरावतीच्या आमच्या जिन्याची वाहतूक बंद व्हायची. खालच्या पायरीवर ती ऐसपैस बसणार, साडी घोट्याच्या वर घेणार, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकणार आणि बक्कल हातात धरून आधी आभाळाकडे पाहणार. आभाळ पाहून ती पट्ट्याचं भोक ठरवायची. मी वर पर्स घेऊन उभी. बँकेत उशीर होतोय म्हणून पाय आपटावेत तर खालून आवाज यायचा, "उड्डी मारून जा वं, कोन धरलं तुले?"

मावशी माझी घरमालकीण. मी अकोटची. अमरावतीला बँकेत नोकरी लागली तेव्हा तिच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. खरं तर ती माझी कोणीच नव्हती, पण वऱ्हाडात भाडं देणारी पोरगी आठवडाभरात भाची होते. मावशीचं घराणं फुलं पिकवणाऱ्यांचं. भावाचा मळा दर्यापूरकडे, आणि अमरावतीच्या फुलबाजारातली अडत मावशीची. शेवंती, झेंडू, निशिगंध, सगळा माल तिच्या ओट्यावर उतरायचा. त्या ओल्या, सडक्या पाकळ्यांनी बुळबुळीत झालेल्या बाजारात पन्नाशी उलटलेली ही ठेंगणी बाई उंच टाचांच्या, घोट्याला पट्टा असलेल्या सँडल घालून फिरायची. बाजारात तिला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. "सँडलवाल्या बाईकडं जा" म्हटलं की हमालसुद्धा बरोबर रस्ता दाखवत.

एकदा न राहवून मी विचारलं, "मावशी, अशा चिखलात टाचेची सँडल काहून घालता?"

"चिखल हाय म्हणूनच त घालतो," ती म्हणाली. "चपटी चप्पल घालून पाह्य. फटफट करून साऱ्या साडीले पाठीमागून ठिपके. अन् माह्या उंचीनं चपटी घातली त गिऱ्हाईक माह्या डोक्यावरून पलीकडच्या बाईशी बोलते."

"मग पट्टा कशाला?"

या प्रश्नावर मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पोळीला तवा कशाला असं विचारलं होतं. "टाच उंची देते," ती म्हणाली, "पन पाय धरून ठेवाचं काम पट्ट्याचं. बिगर पट्ट्याची टाच म्हणजे बिगर ब्रेकाची सायकल."

पट्ट्यांवर ती तासभर बोलू शके. पट्टा घोट्याच्या हाडावर नको, हाडाच्या खाली हवा, नाहीतर हाड सोलतं आणि ठेंगणी बाई अजून ठेंगणी दिसते. बारीक दोरीसारखा पट्टा दिसायला बरा, पण संध्याकाळपर्यंत मांसात रुततो. फार रुंद असला तर पाय बैलाला झूल घातल्यासारखा दिसतो. बक्कल नेहमी बाहेरच्या अंगाला हवं. आतल्या अंगाला असलं की ते दुसऱ्या पायावरचा साडीचा फॉल धरतं आणि बाई भर रस्त्यात तोंडावर पडते. इलास्टिकच्या पट्ट्याला ती फसवणूक म्हणायची, आणि चिकटपट्टीचे पट्टे तिच्या मते बालवाडीसाठी होते. चांदीच्या तोरड्या तिने कधीच काढून ठेवल्या होत्या, कारण त्या बक्कलात अडकतात.

आणि भोकांचा मुद्दा. दुकानातून आणलेल्या पट्ट्यावर तिचा अजिबात विश्वास नसे. ती घरी आणून आरीने आणखी भोकं पाडायची. आतलं हिवाळ्याचं, बाहेरचं उन्हाळ्याचं, आणि टोकाला अगदी एकटं पडलेलं, ते मे महिन्याचं. आमच्याकडे मे महिन्यात पाय दुपारपर्यंत भाकरीसारखे फुगतात, हे कोणाही वऱ्हाडी बाईला सांगायची गरज नाही. "या सँडला बनवणारा मानूस थंड गावचा असन," मावशी पट्टा उलटासुलटा करत म्हणायची. "त्याले अकोल्याच्या स्टँडवर दुपारी उभा केला पाह्यजे."

तिच्याबरोबर चपलांच्या दुकानात जाणं ही शिक्षा होती. ती सँडल घालायची, पाय हवेत उचलून गदागदा झाडायची, मग दुकानाच्या मधोमध चक्क उडी मारायची. काचा थरथरत. दुकानदार "ताई, हील तुटन" म्हणून कळवळायचा. "तुटन त आत्ताच तुटू दे," मावशी म्हणायची, "रस्त्यात काहून तुटाले पाह्यजे?" हे सगळं करून ती निम्म्या वेळा काहीही न घेता बाहेर पडायची. मग दुकानदार माझ्याकडे असं पाही, जणू मीच तिला आणलं होतं.

पण या सँडलींमुळे मावशी नातेवाइकांत बदनाम होती, आणि ती वेगळ्याच कारणाने. आपल्याकडे घरात शिरताना पादत्राणं बाहेर काढावी लागतात. चप्पल असेल तर माणूस पाय झटकतो आणि आत जातो. मावशीला बसावं लागे, वाकावं लागे, दोन्ही बक्कलं सोडावी लागत. ते ती करतच नसे. बारसं असो, साखरपुडा असो की कोणाचं दुखणं असो, मावशी दारात उभी राहून बोलायची, दारातच पाणी प्यायची आणि दारातूनच परत जायची. "या न वं आत, बसा न," लोक म्हणत. "पट्टा सोडा लागते," एवढंच तिचं उत्तर. लोक म्हणायचे, पैसा आला न, माजली. तिच्या चुलतभावाची बायको तर माझ्यासमोर म्हणाली, "आमच्या घरी बसाले हिचे पट्टे सुटत नाईत." ज्या मोजक्या घरांत ते सुटत, तिथेही मावशी एका ठरलेल्या जागी बसायची. जिथून दारातल्या सँडल दिसतात तिथे. सोफा रिकामा असला तरी ही बाई दारासमोरच्या मोडक्या खुर्चीवर. मी याला तिचा आणखी एक चक्रमपणा समजून सोडून दिलं होतं.

दर्यापूरचा प्रसंगही मी तसाच हसण्यावारी नेला. एकदा उन्हाळ्यात ती मला भावाच्या मळ्यावर घेऊन गेली. मळ्याला पाणी होतं, पण मधलं वावर कोरडं. काळी जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते ते पाहिलं असेल तर पुढचं सांगायला नको. मावशी माझ्याशी बोलत बोलत चालली होती आणि एकदम खालीच गेली. तिची टाच भेगेत शिरली होती. साधी चप्पल असती तर पाय सुटला असता. पण पट्टा पक्का, भोक घट्ट, टाच जमिनीत. मावशी वावरात खुंटीसारखी उभी.

"बक्कल सोडा," मी म्हटलं. "पाय निघेल, मग सँडल काढू."

"नाई."

"अहो, घर समोर दिसते आहे. दोन मिनिटं अनवाणी चाला."

"नाई म्हटलं न!"

ती इतक्या जोरात ओरडली की मी मागे सरकले. शेवटी भावाला हाक मारली. तो खुरपं घेऊन आला आणि हळद काढावी तसं टाचेभोवती जमीन उकरत बसला. मावशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, ताठ, सूर्याकडे तोंड करून उभी. भाऊ हसला नाही. मी मात्र पदरात तोंड घालून हसत होते. परतीच्या जीपमध्येही मला हसू येत होतं, आणि मावशी बाहेर पाहत होती.

त्याच वर्षी माझ्या लग्नाचं घाटत होतं. माझे वडील लहानपणीच गेले, आईने अकोटला एकटीने मला वाढवलं. आईची घाई मला समजत होती. मला स्वतःला मुलाची एवढी भीती वाटत नव्हती, घराची वाटायची. मुलगा तासभर हॉटेलात चांगला बोलू शकतो. घर तसं नाही. एकदा आत गेलं की बाहेर यायचा रस्ता बाईला पुन्हा सापडेल की नाही, याची मला धास्ती होती, आणि ती आईला सांगता येत नव्हती. म्हणून मुलाचं घर पाहायला जाताना मी मावशीला बरोबर चला म्हणून गळ घातली.

"येईन," मावशी म्हणाली. "दारापर्यंत नक्की येईन. पुढचं तथी जाऊन पाहू."

पहिलं घर बाळापूरचं. शेती, दुकान, दारात गाडी, सगळं होतं. आई अकोटहून अकोल्याच्या स्टँडवर आम्हाला येऊन मिळाली आणि आम्ही तिघी तिथून एसटीने गेलो. मुलाचे वडील दारातच हात जोडून उभे. मावशी सवयीप्रमाणे उंबरठ्याबाहेर थांबली. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "अहो, तशाच या ताई! पट्टे कुठं सोडत बसता? राहू द्या सँडला पायातच. सून पुसून घेईन मागून."

आईला इतकं बरं वाटलं की तिने माझा हात दाबला. एवढ्या मोठ्या माणसाने पादत्राणांसकट आत या म्हणावं! मीही भारावलेच. मावशी मात्र त्यांच्याकडे पाहत नव्हती. त्यांच्या पाठीमागे थोरली सून उभी होती, तिच्याकडे पाहत होती. त्या मुलीच्या हातात ओलं फडकं होतं. आम्ही अजून आत पाऊलही टाकलं नव्हतं.

"आमी इथीच बऱ्या," मावशी म्हणाली. पाणी प्यायली, पीकपाण्याची चौकशी केली आणि निघाली. आत न जाता! आईचा चेहरा लाल झाला. आईने एसटीत आमच्यापासून दूरची जागा धरली आणि बसता बसता मला म्हणाली, "त्या बाईच्या सँडलवर तुहं लग्न अडलं काय? सांग मले एकदा."

मावशी खिडकीशी बसली होती. बस बाळापूर सोडून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा ती आपणहून बोलायला लागली, माझ्याकडे न पाहता.

"माह्या लग्नात बापानं मले चपला घेतल्या होत्या. लाल. दर्यापूरच्या बाजारातून. सासरी गेली, दारात काढल्या, आत गेली. बाहेर येऊन पाह्यतो त चपला नाईत. सासूनं उचलून कोठीत ठेवल्या, कुलूप लावलं. म्हणे नव्या सुनेले कुठं जा लागते? मी बी म्हटलं, ठीक हाय, कुठं जा लागते. मंग बाप बिमार पडल्याचा निरोप आला. चप्पल मांगतली. सासू म्हणे किल्ली सापडून नाई राह्यली. दिवसभर नाई सापडली. वैशाख होता. मी तशीच निघाली."

"अनवाणी?"

"वावरावावरातून. भेगांतून. पोचली तवा बाप शुद्धीवर होता, पन तो माह्या तोंडाकडं पाहेच ना. माह्या पायाकडंच पाहे. पायाचं पार भरीत झालं होतं न. तसाच पाहत पाहत गेला." ती थांबली. "मंग मी काई परत गेली नाई. तवाच ठरवलं, पायातून सहज निघन असं कधी घालाचं नाई."

दर्यापूरच्या वावरातलं माझं हसू मला आठवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि टाच? ती कशासाठी?"

"टाच मले आवडते," मावशी म्हणाली.

दुसरं घर अकोल्याचं. मुलाला मी दोनदा भेटले होते आणि तो मला आवडला होता, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणूनच त्या दिवशी माझा जीव टांगणीला. मे महिन्याची दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. लहानसं घर, दाराला दोन फरशीच्या पायऱ्या. आई वाटेत मावशीशी एक अक्षर बोलली नव्हती. मावशी दारात थांबली तशी आईने डोळे मिटून घेतले.

मुलाची आई बाहेर आली. हातात उलथणं, कपाळावर घाम. तिने सरळ सांगितलं, "चपला बाहेर काढा लागतीन. आमच्यात आतमधी चालत नाई."

झालं, मी मनात म्हटलं.

"मले वेळ लागते," मावशी म्हणाली. "पट्टे हायेत."

"लागू द्या न. कोनाची गाडी चुकून राह्यली?" असं म्हणून त्या बाईने उलथणं खिडकीत ठेवलं आणि स्वतः पायरीवर बसली. मावशीसाठी शेजारी हाताने फरशी झाडली. तेव्हा पायरीवर सावली होती. "इतकी भोकं काहून पाडली वं याले?"

मावशी तिच्या शेजारी बसली. मग काय विचारता. हिवाळ्याचं भोक, उन्हाळ्याचं भोक, बक्कल बाहेरून का, इलास्टिक का नको. मुलाची आई मन लावून ऐकत होती, मधेच पट्टा ओढून पाहत होती, "हे मातर खरं हाय" म्हणत होती. आत पोहे गार झाले. मुलगा दोनदा दारात येऊन परत गेला. आम्ही मायलेकी आपल्या चपला काढून भिंतीला टेकून उभ्या. आणि बोलता बोलता मावशीने एक बक्कल सोडलं, मग दुसरं. आईने डोळ्यांना पदर लावला.

आत गेल्यावर मावशी नेहमीप्रमाणे दारासमोर बसली. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाची आई म्हणाली, "तुमी फुलाच्या न? माहा मोगरा पाहा ना जरा, कळी धरूनच नाई राह्यला." मोगरा मागच्या अंगणात. मावशी घुटमळली. दाराकडे एकदा पाहिलं. पण फुलांचा विषय निघाल्यावर ती बसून राहणं शक्य नव्हतं. गेली. बराच वेळ दोघी मागे होत्या. मुलगा आणि मी काय बोललो ते सांगत बसत नाही.

निघायची वेळ झाली. मावशी पुढे, आम्ही मागे. आणि मावशी उंबरठ्यावर थबकली.

पायऱ्या रिकाम्या होत्या. तिघींच्याही चपला नव्हत्या. सावली कधीच सरली होती आणि फरशीवर ऊन असं पडलं होतं की बघवत नव्हतं. मावशीने चौकटीला हात धरला. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. बाजारात दहा माणसांना गप्प करणारी बाई, आणि तिचा आवाज एवढासा झाला. "माह्या सँडला कुठं हायेत?"

मुलाची आई मागे हात धूत होती. "असतीन इथीच कुठं," माझी आई म्हणाली. मावशी माझ्याकडे वळली. "सोडाले नोको होते, पोरी," ती म्हणाली, आणि अनवाणी पाय त्या तापलेल्या फरशीकडे उचलला. ती निघालीच होती. मला कळलं, हे घर गेलं.

"थांबा, थांबा! पाय नका ठेवू, भाजन!"

मुलाची आई पदराला हात पुसत धावत आली. तशीच बाहेर उतरली, कोपऱ्यात लिंबाखाली रांजण होता तिकडे गेली. रांजणाशेजारी ओल्या पोत्यावर तिन्ही जोड ओळीने ठेवलेले होते. "ऊन फिरलं तवा मीनंच शेजारच्या पोराले उचलून ठेवाले लावल्या," ती म्हणाली. "ते बक्कल लोखंडाचं. तापलं त घोट्याले डाग पडन न बाई."

तिने मावशीच्या सँडल आणल्या आणि पायरीवर ठेवल्या नाहीत. उंबरठ्याच्या आत, पुसलेल्या फरशीवर ठेवल्या. शेजारी माझ्या आणि आईच्या. "आतमधीच घाला," ती म्हणाली. "बाहेर लय तापलं हाय."

मावशी मटकन खाली बसली. पाय सँडलीत सरकवला, पट्टा ओढला, आणि थंडगार बक्कल मुठीत धरून तशीच राहिली. ती रडत होती. मुलाच्या आईला काही कळेना. "घट्ट होऊन राह्यलं काय? पुढचं भोक लावा न," ती म्हणाली. मावशीने मान हलवली आणि टोकाच्या त्या भोकात बक्कल अडकवलं. मग माझ्या आईकडे पाहून म्हणाली, "ताई, तारीख पाहा."

आता माझी मुलगी शाळेत जाते. डॉक्टरांनी मावशीची टाच बंद केली. त्यावर तिने डॉक्टरांना काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सँडल आता चपट्या आहेत, पण पट्टा आहे, भोकं आहेत आणि बक्कल बाहेरूनच आहे. दर उन्हाळ्यात ती अमरावतीहून मोगऱ्याची पुडी घेऊन येते. पायरीवर बसते. सासूबाई आतून हातातलं काम टाकून येतात आणि तिच्या शेजारी बसतात. पट्टे सुटायला आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या दोघींना त्याचं काही वाटत नाही.

मग मावशी आत येते. तिची ती दारासमोरची खुर्ची आम्ही अजून तिथेच ठेवली आहे. पण त्या खुर्चीवर ती बसत नाही. दाराकडे पाठ करून, कूलरकडे तोंड करून ती खाली चटईवर बसते आणि भरपूर साखरेचा चहा मागते.